अकरा हंडे आणि एक तारांकित प्रश्न

मला पहिली नोकरी मिळाली ती मराठी धड येत नव्हतं म्हणून. शाळा धुळ्याची आणि इंग्रजी माध्यमाची, बी.ए.लाही इंग्रजीच घेतलेलं, आणि चार माणसं बसली असली की तोंड उघडायचं नाही असा स्वभाव. अशा मुलीला आमदाराच्या ऑफिसात कोण ठेवील? पण जळगावला माझ्या मावशीचे यजमान एका डाळमिलमध्ये मॅनेजर होते आणि मिलच्या मालकांकडे आमदारांचं येणंजाणं होतं. मुंबईचे अधिकारी इंग्रजी कागद पुढे करून आपल्याला गप्प बसवतात, अशी आमदारांची तक्रार होती. "एखादी इंग्रजीवाली पाहा ना," ते म्हणाले, आणि मावशीच्या यजमानांना मी आठवले.

आमदारांना सगळा मतदारसंघ नाना म्हणायचा. मतदारसंघ तापीपलीकडे, केळीच्या पट्ट्यात. ऑफिस मात्र जळगावात, कारण लोकांची कामं अडायची ती जळगावच्या कचेऱ्यांत. पहिले काही दिवस नाना येईल त्याला माझी ओळख करून द्यायचे, "ही आपली इंग्लिश मीडियम." नवा ट्रॅक्टर दारात उभा करून दाखवावा तशी. लोकही ट्रॅक्टरकडे पाहावं तसेच पाहायचे आणि मग नानांना विचारायचे, "चालते का बरी?"

इंग्रजी कागद वर्षातून दोनदा यायचे. उरलेल्या वेळात काय करायचं, हे नानांच्या पीएंनी ठरवलं. ते पूर्वी तहसीलमध्ये अव्वल कारकून होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी माझ्यापुढे जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्यांचा गठ्ठा टाकला. "वाचा. अधिवेशन आलं की प्रश्न लिहावे लागतात. माझे डोळे गेले."

अशा रीतीने मी मराठी शिकले. आमदार मंत्र्याला सरळ विचारू शकत नाही की अमक्या गावात पाणी का नाही. त्याने विचारायचं, अमक्या गावात पाणी नाही, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. मंत्र्याची उत्तरं तीनच. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. गठ्ठ्यातले रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी सगळे या तीन उत्तरांत बसले होते. मला ही भाषा फार सोपी गेली. घरी मावशीने विचारलं, "भाजीत मीठ कमी झालंय का गं?" तर माझ्या तोंडून "अंशतः" निघून गेलं. मावशीने यजमानांकडे पाहिलं. मुलगी बिघडत चालली आहे, असं त्या दोघांचं त्या दिवशी एकमत झालं.

पावसाळा संपताना नानांचा दौरा होता, यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला. इंग्लिश मीडियमला मतदारसंघ दाखवायचा म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. जीपमध्ये बाई मी एकटी. तीन गावं झाली, तीन ठिकाणी चहा झाला, आणि चौथ्या गावात माझी अडचण झाली. कुणाला सांगणार? नाना सत्काराचा नारळ घेत होते. गावाबाहेर एक नवी पिवळी इमारत दिसली, आरोग्य उपकेंद्र अशी पाटी होती. मी कुणाला न सांगता तिकडे गेले.

नर्सबाई दारातच होत्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी माझा चेहरा पाहूनच मागचा दरवाजा दाखवला आणि हातात अर्धी भरलेली बादली दिली. "जपून वापरा, ताई. दुसरी नाही."

परत आल्यावर मी आभार मानले आणि गप्प उभी राहिले. गप्प माणसाजवळ लोक बोलतात, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं. बाई मूळच्या धुळ्याकडच्या निघाल्या, अहिराणी बोलणाऱ्या. मी धुळ्याची म्हटल्यावर मोकळ्या झाल्या. इमारतीवर टाकी होती, आत नळ होते, टाकीपर्यंत पाणी नेणारा पाइप मात्र नव्हता. आमच्या जळगावात पाइपांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, देशभर जातात. या गावापर्यंत येताना त्यांना काय अडचण होती कोण जाणे. बाळंतपण असलं की बाई शेजारच्या केळीच्या बागेतल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. त्यांच्या कामाच्या डायरीत रोजची नोंद असायची: भेटी, लसी, बाळंतपणं. समासात त्यांनी स्वतःसाठी हंड्यांची संख्या लिहिली होती. एका दिवशी दोन बाळंतपणं झाली होती आणि समासात लिहिलं होतं, अकरा हंडे.

त्या सांगत होत्या बाईने बाईला सांगावं तसं. मी ऐकत होते आमदाराच्या माणसासारखं. हा फरक त्या दिवशी माझ्या लक्षात आला नाही. मी वही काढली आणि म्हटलं, "मी हे उतरवून घेऊ?" बाई हसल्या. "घ्या की. काय होणार शे?" मी चार पानं नक्कल करून घेतली.

आठवड्याभरात मी प्रश्न लिहिला. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की लिहिताना नेमकं लिहावं. मी नेमकं लिहिलं. गाव, इमारत, टाकी, आणि दुसऱ्या भागात, एकाच दिवशी झालेल्या दोन बाळंतपणांसाठी परिचारिकेस केळीच्या बागेतून अकरा हंडे पाणी वाहून आणावे लागले, हे खरे आहे काय.

नानांनी तो मोठ्याने वाचला आणि मांडीवर थाप मारली. "अकरा हंडे! आता बोल म्हना मंत्र्याला. भाऊसाहेब, बारा वर्सं तुम्ही प्रश्न लिहिले, कधी हंडे मोजले का?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. नाना गेल्यावर मला म्हणाले, "ताई, प्रश्न विचारायचा असतो. माहिती द्यायची नसते."

"म्हणजे?"

"हंडे एकतर त्या बाईने मोजले, नाहीतर देवाने. देवाची बदली होत नाही."

मला वाटलं, इतकी वर्षं गुळमुळीत प्रश्न लिहून म्हाताऱ्याला नेमकेपणाचा राग आला असेल. प्रश्न गेला, तारांकित म्हणून, म्हणजे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं.

नंतर जे झालं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. माझी कल्पना अशी होती की प्रश्न मंत्र्याकडे जातो, मंत्री विचार करतात, उत्तर देतात. प्रत्यक्षात प्रश्न मंत्र्याकडून सचिवाकडे, सचिवाकडून संचालकाकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून डॉक्टरांकडे असा उतरतो. कचेऱ्यांत त्याला एलएक्यू म्हणतात. एलएक्यू आला की लोक जेवण अर्धवट टाकून उठतात. प्रत्येक जण वरच्याला घाबरतो आणि खालच्याकडे माहिती मागतो. सगळ्यात खाली ज्याच्याखाली कुणीच नसतं, त्याने उत्तर लिहायचं असतं.

नोव्हेंबरात एका दुपारी नर्सबाई आमच्या ऑफिसात आल्या. यावलहून एसटीने आल्या होत्या, साडीच्या घड्या चुरगळलेल्या. ऑफिसात मी एकटी होते. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. माझाच प्रश्न होता, टाइप होऊन, सात शिक्के घेऊन आलेला. समासात लाल शाईने कुणीतरी लिहिलं होतं: सदर माहिती मा. सदस्यांना कोणी पुरविली याचा खुलासा करावा.

"डॉक्टर म्हने, तुम्हीच लिहून द्या, उद्या साडेदहाला जिल्ह्यावर पोचलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "हाई बठ्ठं खरं शे, ताई, सगळं. पन मी लिखू काय?"

मी तो लाल शेरा पुन्हा वाचला.

"खरं शे म्हटलं तर विचारतील, आमदाराला तूच सांगितलं का. खोटं शे म्हटलं तर मी माझ्याच हातानं लिहायचं की पाणी शे." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि अहिराणी सोडून सरळ मराठीत बोलायला लागल्या, जशा त्या साहेबांशी बोलत असतील. "माझी मुलगी दहावीला आहे, यावलच्या शाळेत. मार्चमध्ये परीक्षा. डॉक्टर म्हणाले, यात नाव आलं तर चोपड्याच्या डोंगरात टाकतील, उद्याच्या उद्या. तिथं शाळा नाही. तिचे वडील नाहीत. मी तिला कुठं ठेवू? मार्चपर्यंत मला तिथून हलवू नका, एवढंच."

'हलवू नका' असं त्या मला म्हणत होत्या, जणू बदल्या मी करत होते. एका अर्थाने करतच होते.

मग आम्ही दोघींनी मिळून उत्तर लिहिलं. माझ्या प्रश्नाला माझंच उत्तर. सदर उपकेंद्राच्या इमारतीवर पाण्याची टाकी उपलब्ध आहे. आवश्यकतेनुसार पाणी उपलब्ध करून घेण्यात येते. अकरा हंड्यांबाबत कार्यालयात नोंद आढळून येत नाही. सदर माहिती पुरविण्याबाबत या कार्यालयातून कोणताही पत्रव्यवहार झालेला नाही. एकही वाक्य पूर्ण खोटं नव्हतं. मला लाज वाटत होती आणि लिहिताना हात मात्र झरझर चालत होता. गठ्ठ्याने मला चांगलंच तयार केलं होतं. बाईंनी वाचलं, म्हणाल्या, "आमच्या साहेबांना जमलं नसतं असं लिहिलंत." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं.

जाताना त्या दारात थांबल्या. "ती चार पानं?"

"माझ्याकडेच आहेत," मी म्हटलं.

ते खरं नव्हतं. पानं नानांच्या फायलीत होती. सभागृहात मंत्र्याचं उत्तर आलं की आमदाराला उपप्रश्न विचारता येतो, त्यासाठी लागतील म्हणून मीच ती मोठ्या हौसेने लावली होती.

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन. नानांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या दर वर्षी बहिणीला भेटायला आणि संत्री आणायला नागपूरला जायच्या. यंदा सोबतीला मला घेतलं. आमदार निवासाच्या खोलीत अक्कांनी स्टोव्ह लावला, भरताची वांगी जळगावहून आणली होती. प्रश्न ज्या दिवशी लागला त्या दिवशी सकाळी नाना खोलीत येरझारा घालत सराव करत होते. एका हातात चहाचा कप.

"अध्यक्ष महाराज! माझ्या हातात त्या परिचारिकेची डायरी आहे!"

अक्का म्हणाल्या, "हातात कप आहे. सांडीन तो."

"नाना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "नाना, ती डायरी... त्या बाईंचं नाव..."

"डायरी नाही, नक्कल आहे, मले माहीत आहे. पन सभागृहात डायरीच म्हनायचं. नक्कल म्हटलं की जोर जातो." ते माझ्याकडे प्रेमाने पाहत होते. "तुझ्यामुळे आज मंत्री घामाघूम होतो का नाही पाहा, पोरी."

मी बोलायला हवं होतं. नाना दुष्ट नव्हते. मार्च आणि मुलगी एवढं सांगितलं असतं तर कदाचित समजलेही असते. पण मला पूर्ण वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नाना कुणाला देत नसत. ते आंघोळीला गेले. मी फाईल उघडली, चार पानं काढली आणि पर्समध्ये रुमालाखाली ठेवली. मान वर केली तर दारात भाऊसाहेब.

मग पुढे येऊन त्यांनी फाईल उचलली, तिची नाडी घट्ट बांधली, वर दुहेरी गाठ मारली. "वारा फार आहे नागपुरात," म्हणाले. "पानं उडतात."

मी गॅलरीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. आमचा प्रश्न लागला तेव्हा प्रश्नोत्तरांचा तास संपायला थोडीच मिनिटं उरली होती. मंत्र्यांनी कागद उचलला आणि बसची पाटी वाचावी तसं वाचलं. "एक, हे खरे नाही. दोन, हे खरे नाही. तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही." आम्ही दोघींनी दुपारभर घडवलेलं उत्तर सात पायऱ्या चढताना एवढंच शिल्लक राहिलं होतं.

नाना उठले. "अध्यक्ष महाराज! माझ्या हातात..." आणि फाईल सोडायला लागले. दुहेरी गाठ. एकाने ओरडून विचारलं, "नाना, कात्री देऊ का?" गाठ सुटली. नानांनी पान उलटलं, अजून एक उलटलं, सगळी उलटली. सभागृह हसायला लागलं. "पाणी द्या नानांना," समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

नानांनी फाईल मिटली. "पानी हवंच आहे, अध्यक्ष महाराज, पन मले नको, त्या दवाखान्याले हवं. मंत्रिमहोदय कधी गेलेत का तिथं?"

मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी बोलावलं तर जरूर जाईन.

"या ना! पन येताना पानी घेऊन या!"

आता सगळेच हसले, मंत्रीही हसले, बाकं वाजली. नानांना इतका जोर चढला की त्यांनी त्याच दमात केळीला रेल्वेच्या वाघिणी वेळेवर मिळत नाहीत हेही आरोग्यमंत्र्यांना विचारलं. अध्यक्षांनी त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: 'येताना पाणी घेऊन या! आमदारांचा मंत्र्यांना टोला'. नानांनी तो अंक दहा जणांना वाटला. चार पानांबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, परतीच्या गाडीत. "पोरी, ती पानं लावली होती ना तू?"

"लावली होती," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

मंत्री येणार अशी हवा मात्र झाली. मंत्र्यांनी सभागृहात जरूर म्हटलेलं, त्यामुळे खालच्या कचेऱ्यांत पुन्हा जेवणं अर्धवट राहिली. एक टँकर उपकेंद्रासमोर आणून उभा केला, तो आठ दिवस तिथंच होता. आतली गोष्ट अशी की मंत्री आलेच तर पाणी दिसायला हवं. मंत्री आले नाहीत. टँकर गेला. त्या आठ दिवसांत उपकेंद्रात तीन बाळंतपणं झाली आणि बाईंनी गावातली सगळी पिंपं भरून ठेवली, हे मला यावलच्या एका कार्यकर्त्याने सांगितलं. त्यानंतर गावकरी तालुक्याला विचारायला गेले तर त्यांना छापील उत्तर दाखवलं गेलं. विधानसभेत सांगितलंय ना, पाणी आहे. मग तुम्ही काय विधानसभेला खोटं ठरवता?

बाईंची बदली झाली नाही. मला त्याचं समाधान होतं आणि त्या समाधानाची किंमत कोण देत होतं, हेही कळत होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. या वेळी साडी इस्त्रीची होती. सोबत मुलगी, दोन वेण्या घातलेली, माझ्यापेक्षाही गप्प. बाईंनी पिशवीतून डायरी काढली. नक्कल नव्हे, डायरी.

"पेपर झाले हिचे," त्या म्हणाल्या. "पुढे जळगावलाच माझ्या भावाकडे राहील, कॉलेजला. आता विचारा. आणि माझं नाव घालून विचारा."

भाऊसाहेब कोपऱ्यातून म्हणाले, "सिस्टर, बदली नक्की होईल."

"होऊ द्या. आधी होऊ द्यायची नव्हती, आता होऊ द्या. माझी बदली, मी ठरवीन ना कधी ते." मग माझ्याकडे वळून, "मागच्या वेळी तुम्ही मला विचारलं नव्हतं. उतरवून घेऊ का, विचारलं. छापू का, नाही विचारलं."

मी म्हटलं, "चुकलं माझं." हे वाक्य त्या गठ्ठ्यात एकदाही आलेलं नव्हतं.

मी लिहीत गेले आणि प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवत गेले. त्यांनी तीन ठिकाणी दुरुस्ती केली. एका ठिकाणी म्हणाल्या, "गैरसोय म्हणू नका. बाई रक्तात पडलेली असते, तिला गैरसोय काय म्हणता?" मी तो शब्द खोडला. त्यांनी सुचवलेला शब्द नियमात बसतो का कळेना, भाऊसाहेबांनी उठून नियमांचं पुस्तक काढलं, डोळ्यांजवळ नेऊन तीन-चार पानं चाळली आणि म्हणाले, "बसतो. घाला." नानांनी सही केली तेव्हा वाचलं नाही, "हंडे आहेत ना?" एवढंच विचारलं.

जूनमध्ये बाईंची बदली झाली, चोपड्याच्या डोंगरात. पावसाळी अधिवेशनात उत्तर आलं. एक, हे खरे आहे. माझ्या त्या दोन वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मी प्रथमच पाहिलं. दोन, हे खरे आहे. तीन, पाइपलाइनचे काम मंजूर करण्यात आले असून सदर परिचारिकेची प्रशासकीय कारणास्तव बदली करण्यात आली आहे. दोन्ही कामं एकाच वाक्यात, जणू दोन्ही मिळून एकच सुधारणा. पाइप दिवाळीआधी खरोखर टाकला गेला. उद्घाटनाला नाना गेले, नव्या नर्सबाईंनी नळ सोडला, फोटो निघाला. मी गेले नाही. मला बोलावलं होतं.

दिवाळीनंतर ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर डायरीतलंच, तिरकं आणि दाट. मुलगी कॉलेजात रमली होती. इथे झरा जवळ आहे, पाण्याची काळजी नाही, असं लिहिलं होतं. मात्र इमारत नाही, केंद्र एका घराच्या ओसरीत चालतं आणि घरात जनावरं असतात. पुढे तारखा आणि बाळंतपणं, नेहमीप्रमाणे. कार्ड भरलं होतं, म्हणून शेवटची ओळ समासात उभी लिहिलेली होती. मी कार्ड आडवं धरून वाचलं.

'हे सर्व विचारावे. नाव घालावे. माझी हरकत नाही.'